तेलाचे माहेर : किमरिजचे काळे शेल आणि समुद्राखालचे तेल

खनिज तेलाच्या इतिहासात नाव होते ते तेल जेथे सापडले त्या जागेचे. फोर्टीज, ब्रेंट, एकोफिस्क, मुंबई हाय ही नावे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकली, राष्ट्रांची अंदाजपत्रके त्यांच्या भरवशावर आखली गेली आणि शाळेच्या भूगोलातही ती जाऊन बसली. परंतु त्या तेलाचा थेंबन् थेंब ज्या खडकात तयार झाला, त्या खडकाचे नाव तेल-उद्योगाबाहेर सहसा कोणाच्या कानावर पडत नाही. तेल जेथे सापडते तेथे ते बहुधा जन्मलेले नसते. ते अधिक खोलवर, बारीक चिखलापासून बनलेल्या काळ्या खडकात तयार होते, तेथून वाट काढत वर सरकते आणि सच्छिद्र वालुकाश्मात किंवा चुनखडकात येऊन मुक्काम करते. घरच्या भाषेत सांगायचे तर तेलक्षेत्र हे तेलाचे सासर आहे. त्याचे माहेर वेगळे असते. भूविज्ञानात या माहेराला जनक खडक म्हणता येईल आणि ज्यात तेल साठते त्याला साठवण खडक. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे जनक खडक, आणि त्यातही जगात सर्वांत बारकाईने अभ्यासल्या गेलेल्या जनक खडकांपैकी एक, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उघडा पडलेला आणि उत्तर समुद्राच्या तळाखाली खोलवर पसरलेला ‘किमरिज क्ले’ हा शैलसमूह. एका कालखंडात, साधारण एकसारख्या परिस्थितीत साचलेल्या आणि नकाशावर वेगळ्या दाखवता येणाऱ्या थरांच्या गटाला शैलसमूह म्हणतात.

किमरिज हे डॉर्सेट परगण्यातले समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. त्याच्या किनाऱ्याचा समावेश २००१ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला, आणि भूवैज्ञानिक कालमापनात जुरासिक कालाच्या उत्तर भागातील एका टप्प्याला जगभर ‘किमरिजियन’ हे याच गावाचे नाव मिळाले आहे. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत करडे, काळे आणि तपकिरी थर एकावर एक रचलेले दिसतात. नावात ‘क्ले’ म्हणजे चिकणमाती असली तरी त्यांतला मोठा भाग शेल आहे. चिखल वरच्या ओझ्याखाली दाबला जाऊन, त्यातले पाणी निथळून, जो घट्ट आणि जुन्या पोथीच्या पानांप्रमाणे पापुद्र्यांत सुटणारा खडक तयार होतो त्याला शेल म्हणतात. यांतल्या एखाद्या गडद थराचा तुकडा हातात घेतला तर तो दगडाच्या मानाने हलका लागतो, कारण त्यात खनिजांची बरीच जागा सेंद्रिय द्रव्याने, म्हणजे एकेकाळच्या जिवंत शरीरांच्या अवशेषांनी, घेतलेली असते. चाकूच्या टोकाने ओरखडा काढला तर रेघ तपकिरी उमटते, ताज्या फोडीला तेलकट वास येतो, आणि पापुद्रा उलगडला तर आत अमोनाइटचा, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी सागरी प्राण्याचा, ठसा कागदावर दाबून ठेवलेल्या फुलासारखा चपटा होऊन पडलेला दिसतो.

या थरांतला ‘ब्लॅकस्टोन’ नावाचा एक पट्टा इतका समृद्ध आहे की त्याच्या काही नमुन्यांत सेंद्रिय कार्बन वजनाच्या निम्म्याच्या घरात जातो. तो सरळ पेटतो. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो चुलीत जाळला आणि त्याला ‘किमरिज कोळसा’ हे नाव दिले, मात्र त्याच्या धुरातला गंधकाचा दर्प कोणालाच आवडण्यासारखा नव्हता. त्याआधी लोहयुगात आणि रोमन अमलात याच शेलच्या बांगड्या घडवल्या जात. चरकावर बांगडी कातून झाल्यावर उरलेल्या मधल्या चकत्या पुढे शेतांत सापडू लागल्या तेव्हा लोकांना त्या जुन्या नाण्यांसारख्या वाटल्या आणि त्यांना ‘कोल मनी’ म्हणण्याचा प्रघात पडला. सतराव्या शतकाच्या आरंभी सर विल्यम क्लॅव्हेल यांनी हा शेल जाळून तुरटी आणि पुढे काच करण्याचे उद्योग येथे उभारले. १८२६ साली जवळच्याच रिंगस्टेड उपसागरावरच्या कड्यातील हे थर आपोआप पेटले आणि काही वर्षे धुमसत राहिले. शेलमधल्या पायराइटचा, म्हणजे लोह व गंधक यांच्या संयुगाचा, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन निर्माण झालेली उष्णता त्याला कारण झाली. या दगडात इंधन आहे हे डॉर्सेटच्या माणसाला दोन हजार वर्षे ठाऊक होते. त्याच दगडाच्या पोटी, शेकडो किलोमीटर उत्तरेला समुद्राखाली, तेलाचा फार मोठा साठा जन्मलेला आहे, हे कळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

हा चिखल साचला तो सुमारे १५.७ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या काळात. त्या वेळी उत्तर अटलांटिक महासागर उघडायचा होता, वायव्य युरोप हा उबदार, उथळ समुद्राने वेढलेल्या बेटांचा प्रदेश होता, आणि आज जेथे उत्तर समुद्र आहे तेथे भूकवच ताणले जाऊन खचदऱ्या तयार होत होत्या. दोन समांतर विभंगांच्या, म्हणजे तुटीच्या पातळ्यांच्या, मधला भाग खाली बसून होणाऱ्या लांबट दरीला खचदरी म्हणतात. यामुळे समुद्राच्या तळाशी खोल कप्पे पडले आणि त्यांतले पाणी वरच्या पाण्याशी सहज मिसळेनासे झाले. पृष्ठभागाजवळ सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म प्लवक वनस्पतींचे मृत अवशेष तळाकडे सतत झरत असत. असा वर्षाव प्रत्येक समुद्रात होतो, पण त्यातला फारच थोडा अंश गाळात टिकतो. आजच्या महासागरांत पृष्ठभागावर निर्माण होणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापैकी एक टक्काही कायमचा गाडला जात नाही, कारण बाकीचे वाटेतच खाल्ले जाते किंवा ऑक्सिजनमुळे कुजून संपते. जनक खडक म्हणजे या नियमाला पडलेला अपवाद आहे, आणि तो अपवाद कशामुळे पडतो यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला.

वादाची एक बाजू १९८० साली डेमेझॉन आणि मूर यांनी मांडली. त्यांच्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे तळाच्या पाण्यातला ऑक्सिजनचा अभाव. काळ्या समुद्रात आजही साधारण दीडशे-दोनशे मीटरच्या खाली ऑक्सिजन नाही, तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू विरघळलेला आहे, चिखल उकरणारे किडे नाहीत, आणि म्हणून वरून पडलेला प्रत्येक पातळ थर न विस्कटता तसाच राहतो. दुसरी बाजू १९९० साली पेडरसन आणि कॅल्व्हर्ट यांनी मांडली: ऑक्सिजन नसतानाही जिवाणू सेंद्रिय द्रव्य फस्त करतातच, तेव्हा महत्त्व आहे ते पृष्ठभागावरच्या उत्पादनाला, पीकच उदंड आले तर नासाडी होऊनही कोठारात काहीतरी उरते. किमरिजचे थर या वादात दोन्हीकडून साक्ष देतात. त्यांच्यातून काढलेल्या कार्बनी रेणूंमध्ये हिरव्या गंधक-जिवाणूंच्या रंगद्रव्याचे अवशेष मिळतात, आणि या जिवाणूंना जगण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड आणि सूर्यप्रकाश ही दोन्ही एकाच ठिकाणी लागत असल्यामुळे, विषारी पाणी कधी कधी प्रकाश पोहोचतो तेथपर्यंत वर चढत होते असा निष्कर्ष निघतो. उलट ‘व्हाइट स्टोन बँड’ नावाचा पांढुरका पट्टा कॉकोलिथांनी, म्हणजे प्लवक शैवालांच्या चुनखडी चकत्यांनी, भरलेला आहे. तो पृष्ठभागावरच्या प्रचंड बहरांची नोंद आहे. आणि काही पापुद्र्यांवर तळाशी राहणाऱ्या शिंपल्यांच्या वसाहती सापडतात, याचा अर्थ मधूनमधून तळाला ऑक्सिजनही पोहोचत होता.

या साक्षी एकत्र ठेवल्या तर कोणत्याही एका पक्षाचा विजय झाला असे म्हणता येत नाही. उत्पादन हवे, जतन हवे, आणि त्यांच्या जोडीला तिसरी एक अट हवी, जिच्याकडे वादाच्या भरात कमी लक्ष गेले: जमिनीवरून येणारा गाळ बेताचा हवा. नद्यांनी वाळू आणि माती भरमसाट आणून टाकली तर सेंद्रिय द्रव्य त्यात विरळ होते, ताकात पाणी वाढवावे तसे. आणि गाळ अगदीच कमी पडला तर ते द्रव्य उघडे राहून कुजते. १९९०च्या दशकात डॉर्सेटच्या किनाऱ्यालगत मुद्दाम याच अभ्यासासाठी स्वॉनवर्थ आणि मेदरहिल्स येथे बोअरहोल घेऊन अखंड गाभे, म्हणजे खडकाचे लांब दंडगोल नमुने, काढण्यात आले, तेव्हा समृद्ध आणि गरीब थर ठरावीक अंतराने परत परत येतात, आणि त्यांचा ताल पृथ्वीच्या कक्षेत व अक्षाच्या कलात हजारो वर्षांच्या चक्राने होणाऱ्या बदलांशी जुळतो, हे स्पष्ट झाले. हवामान बदलले की समुद्र बदलला आणि समुद्र बदलला की चिखल बदलला. तेलाचा शोध घेण्यासाठी उघडलेले हे दप्तर आता प्राचीन हवामानाच्या अभ्यासकांना तितक्याच मोलाचे वाटते, आणि ते योग्यच आहे.

चिखल साचला म्हणजे तेल झाले असे नाही. गाडलेल्या सेंद्रिय द्रव्यापासून प्रथम केरोजेन बनते. केरोजेन हा कोणत्याही नेहमीच्या द्रावकात न विरघळणारा, मोठ्या गुंतागुंतीच्या रेणूंचा घन पदार्थ आहे. हा शब्द मेणासाठीच्या ग्रीक शब्दावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या तेल-शेलसाठी प्रोफेसर क्रम ब्राउन यांनी घडवला. कशापासून झाले यावरून केरोजेनचे मुख्यतः तीन प्रकार मानतात. सरोवरातल्या शैवालांपासून झालेला पहिला, सागरी प्लवक आणि जिवाणूंपासून झालेला दुसरा, आणि जमिनीवरच्या झाडापाल्यापासून झालेला तिसरा. पहिल्या दोहोंत हायड्रोजन भरपूर असल्याने त्यांपासून तेल मिळते, तिसऱ्यात तो कमी असल्याने बहुतांशी वायू मिळतो. किमरिज क्लेतले केरोजेन प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचे आहे. वरचे थर वाढत जाऊन खडक खोल दबला, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात आला, की केरोजेनचे मोठे रेणू तुटून द्रव तेल सुटू लागते. त्याहून अधिक तापला तर तेल तुटून वायू होतो. दर किलोमीटर खोलीला तापमान सुमारे ३० अंशांनी वाढते असे धरले तर हा टप्पा दोन ते चार किलोमीटर खोलीवर येतो, आणि तेथेही लाखो वर्षे लागतात. तेल-उद्योगातली माणसे अशा खोल भागाला ‘किचन’ म्हणतात आणि खडक ‘कच्चा’ आहे, ‘शिजला’ आहे की ‘जळला’ आहे अशाच भाषेत बोलतात.

खडक कितपत शिजला हे पाहण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे ती फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत १९७०च्या दशकात विकसित झालेली ‘रॉक-इव्हॅल’ ही होय. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी, सुमारे शंभर मिलिग्रॅम, खडकाची भुकटी बंद भट्टीत निष्क्रिय वायूच्या प्रवाहात ठेवून क्रमाक्रमाने तापवतात. ३०० अंशांपाशी जे बाष्प बाहेर येते ते खडकात आधीच तयार असलेले तेल. त्यापुढे तापमान चढत जाताना जे बाहेर येते ते केरोजेन भट्टीत तुटून नव्याने झालेले, म्हणजे निसर्गाने करायचे राहून गेलेले काम. हा दुसरा उंचवटा ज्या तापमानाला शिखर गाठतो ते सुमारे ४३५ अंशांच्या आत असेल तर खडक अजून कच्चा, आणि ४७०च्या पलीकडे गेले तर तेलाचा काळ उलटून गेला, असा ढोबळ हिशेब धरतात. निसर्गाला जे करायला काही कोटी वर्षे लागली असती ते यंत्र अर्ध्या तासाच्या आत करून दाखवते, कारण कमी वेळाची भरपाई ते अधिक तापमानाने करते.

किमरिजच्या खाडीवर या साऱ्या शास्त्राचा एक बोलका पुरावा उभा आहे. तेथे कड्यावर १९५९ साली विहीर खोदली गेली आणि १९६०च्या दशकाच्या आरंभापासून एक डुलता पंप तेथून तेल उपसत आला आहे. पंपाखाली किमरिज क्ले, पंपातून येणारे खनिज तेल, तेव्हा दोहोंचा संबंध लावण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु ते तेल किमरिज क्लेचे नाही. ते त्याच्याखालच्या तडकलेल्या चुनखडकातून येते, आणि त्याचे माहेर त्याहूनही जुन्या ‘लायस’ या पूर्व जुरासिक शेलमध्ये आहे. डॉर्सेटमधला किमरिज क्ले पुरेसा खोल कधी गेलाच नाही, म्हणून तो आजवर कच्चाच राहिला. जगाला नाव देणारा हा खडक आपल्या गावी तेल देत नाही.

तो शिजला उत्तर समुद्राखाली. तेथील शोधाला चालना मिळाली ती १९५९ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन येथे सापडलेल्या प्रचंड वायुसाठ्यामुळे, आणि तो वायू तर त्याहून कितीतरी जुन्या कोळशाच्या थरांतून आलेला होता. समुद्रात तेल मिळेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. नॉर्वेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९५८ साली आपल्या सरकारला कळवले होते की देशाच्या किनाऱ्यालगतच्या सागरतळाखाली कोळसा, तेल किंवा गंधक सापडण्याची शक्यता विचारात घेण्याचे कारण नाही. १९६९च्या अखेरीस नॉर्वेच्या हद्दीत एकोफिस्क सापडले, १९७० साली ब्रिटिश हद्दीत फोर्टीज, १९७१ साली ब्रेंट, १९७४ साली स्टॅटफ्योर्ड. ही क्षेत्रे एकमेकांसारखी नाहीत. एकोफिस्कचे तेल चॉकमध्ये, म्हणजे खडूसारख्या मऊ चुनखडकात आहे. फोर्टीजचे पॅलिओसीन काळातल्या, खोल समुद्रात साचलेल्या वालुकाश्मात. ब्रेंटचे त्याहून दहा कोटी वर्षांनी जुन्या, त्रिभुजप्रदेशातल्या वाळूत. साठवण खडकांकडेच पाहत राहिले असते तर या शोधांचा धागा कधी हाती लागला नसता. तो लागला तेलाच्या रेणूंतून.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्रायब्स यांनी १९३०च्या दशकात खनिज तेलात पॉर्फिरिन नावाचे रेणू शोधून काढले आणि त्यांची रचना वनस्पतींच्या हरितद्रव्याशी नाते सांगते हे दाखवून तेलाचा उगम सजीवांत आहे हे सिद्ध केले. अशा वारसा सांगणाऱ्या रेणूंना जैवखूण म्हणता येईल, कारण हाताच्या ठशावरून माणूस ओळखावा तसे त्यांच्यावरून तेलाचे घराणे ओळखता येते. उत्तर समुद्रातल्या निरनिराळ्या वयांच्या आणि निरनिराळ्या जातींच्या साठवण खडकांतले तेल तपासले गेले तेव्हा बहुसंख्य ठिकाणी एकच घराणे निघाले, आणि तो ठसा व्हायकिंग व सेंट्रल या दोन खचदऱ्यांच्या तळाशी, तीन किलोमीटरहून खोल गाडल्या गेलेल्या किमरिज क्लेशी जुळला. नॉर्वेच्या हद्दीत याच खडकाला व्हायकिंग खचदरीत ‘ड्राउप्ने’ म्हणतात. नॉर्स पुराणकथेत ओडिन देवाचे ड्राउप्नीर नावाचे कडे आहे, ज्यातून दर नवव्या रात्री तेवढ्याच वजनाची आठ नवी कडी गळून पडतात. स्वतः न दिसता इतकी क्षेत्रे भरणाऱ्या खडकाला याहून समर्पक नाव सुचले नसते.

विहीर खोदताना हा खडक ओळखणे सोपे आहे. खोदकामाच्या चिखलाबरोबर वर आलेला चुरा शेल शेकर नावाच्या हलत्या चाळणीच्या जाळीवर थरथरत पुढे सरकतो, मड लॉगर, म्हणजे हा चुरा तपासून नोंद ठेवणारा तंत्रज्ञ, त्यातला मूठभर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि वरच्या करड्या-हिरवट चुऱ्याची जागा एकाएकी तपकिरी-काळ्या चुऱ्याने घेतली की जनक खडक आला असे समजतो. त्याच वेळी विहिरीत सोडलेल्या उपकरणावर गॅमा किरणांची रेघ पट्टीबाहेर उसळी घेते, कारण ऑक्सिजनविरहित तळाशी समुद्राच्या पाण्यातले युरेनियम अविद्राव्य होऊन या चिखलात अडकलेले असते. म्हणूनच उद्योगात याला ‘हॉट शेल’ असे नाव पडले. ज्या विषारी स्थितीने सेंद्रिय द्रव्य राखले, तिनेच त्यावर ही ओळखीची मोहोरही उमटवली.

या खडकातून किती तेल निघू शकते, याची कल्पना एका साध्या हिशेबाने येते. त्यात सेंद्रिय कार्बन वजनाच्या सहा टक्के आहे आणि प्रत्येक ग्रॅम कार्बनामागे पाचशे मिलिग्रॅम तेल-वायू सुटण्याची त्याची क्षमता आहे, असे धरले तर (किमरिजच्या चांगल्या थरांना हे आकडे शोभणारे आहेत) एका टन खडकातून पूर्णपणे शिजल्यावर ३० किलोग्रॅम तेल-वायू मिळेल. शंभर मीटर जाडीच्या आणि एक चौरस किलोमीटर विस्ताराच्या थराचे वजन सुमारे २३ कोटी टन भरते, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त ६९ लाख टन, ढोबळमानाने पाच कोटी पिंपे, निर्माण होऊ शकतात. प्रत्यक्षात त्यातला काही भाग खडकातच अडकून राहतो, काही वाटेत विखुरतो, आणि बराचसा वर आच्छादक खडक, म्हणजे तेल रोखून धरणारा अभेद्य थर, न मिळाल्याने समुद्रात निसटून जातो. तरीही खचदऱ्यांचा विस्तार हजारो चौरस किलोमीटरचा असल्यामुळे जे उरले ते पुरेसे झाले. २०१० साली उत्सिरा उंचवट्यावर सापडलेले योहान स्वेर्द्रुप हे क्षेत्र याचा अलीकडचा दाखला आहे. त्या उंचवट्यावर आणि त्याभोवती यापूर्वी अनेक विहिरी झाल्या होत्या, पण व्हायकिंग खचदरीतले तेल एवढे अंतर कापून या बाजूपर्यंत आले असेल यावर भरवसा बसायला चार दशके गेली.

महाराष्ट्राच्या समुद्राकडे वळताना एक फरक आधीच सांगणे आवश्यक आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली ‘सागर सम्राट’ या सागरी खोदमंचाने मुंबई हायचा शोध लावला आणि १९७६ साली तेथून उत्पादन सुरू झाले, हे सर्वपरिचित आहे; तेथील मुख्य साठवण खडक मायोसीन काळातला चुनखडक आहे, हेही पुस्तकांत असते. तेलाचे माहेर मात्र ‘पन्ना’ शैलसमूहात आहे. दख्खनचा लाव्हा थंड झाल्यानंतर, पॅलिओसीन आणि पूर्व इओसीन काळात, खचत चाललेल्या पश्चिम किनाऱ्याच्या खळग्यांत हे थर साचले, आणि ते किमरिजसारखे खुल्या समुद्रातले नव्हेत. नद्यांची मुखे, खाजणे, दलदली आणि उथळ समुद्र यांच्या सीमेवर ते तयार झाले, म्हणून त्यांत शेलबरोबर कोळशाचेही थर आहेत आणि केरोजेनात सागरी प्लवकाबरोबर जमिनीवरच्या झाडापाल्याचा मोठा वाटा आहे. मुंबई हाय हा स्वतः उंचवटा असल्याने त्याच्या माथ्यावर पन्नाचे थर जवळजवळ नाहीतच. ते भोवतालच्या खोल भागांत जाड आहेत, तेथे ते शिजले आणि तेल उताराच्या उलट दिशेने, उंचवट्याकडे सरकत आले. या प्रदेशातल्या क्षेत्रांना पन्ना, मुक्ता, हीरा, नीलम अशी रत्नांची नावे दिली गेली. पन्ना म्हणजे पाचू. हिरव्या रत्नाचे नाव ज्या क्षेत्रावरून या काळ्या थरांना मिळाले, तेच थर अरबी समुद्रातल्या त्या साऱ्या संपत्तीच्या मुळाशी आहेत. त्यांच्या वरच्या शैलसमूहांची नावे माहीम, वांद्रे, अलिबाग, रत्नागिरी, चिंचिणी अशी आहेत, हे वाचून कोकणच्या माणसाला कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

किमरिजचा धडा अरबी समुद्राला आणखी एका अर्थाने लागू पडतो. या समुद्रात साधारण दीडशे ते बाराशे मीटर खोलीच्या दरम्यान ऑक्सिजन अत्यल्प असलेला पाण्याचा जाड थर आजही आहे, आणि भारताच्या पश्चिमेकडील सागरतळाच्या उतारावर जेथे तो टेकतो तेथील गाळ सेंद्रिय द्रव्याने समृद्ध आहे. ऑक्सिजनचा अभाव की उत्पादनाची समृद्धी, या वादात हा उतार वारंवार साक्षीदार म्हणून उभा करण्यात आला आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल, कमी ऑक्सिजनचे पाणी किनाऱ्याकडे वर सरकते, पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्यावर झाकणासारखा बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्यालगतच्या तळाच्या पाण्यातून ऑक्सिजन जवळजवळ नाहीसा होऊन हायड्रोजन सल्फाइड दिसू लागतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वैज्ञानिकांनी २००० साली ही परिस्थिती जगापुढे मांडली आणि ती वाढत चालल्याकडे लक्ष वेधले. खतांच्या अंशाने भरलेल्या नद्या आणि तापत जाणारा समुद्र यांमुळे तळ गुदमरत असेल, तर त्याची किंमत प्रथम मासळी आणि मासेमार देतात. किमरिजच्या पापुद्र्यांवर ज्या समुद्राचा वृत्तान्त कोरलेला आहे, त्याची लक्षणे येथे दर वर्षी काही आठवडे दिसतात, म्हणून तो वृत्तान्त वाचणे हे केवळ तेल शोधणाऱ्यांचे काम राहिलेले नाही.

हा वृत्तान्त वाचायचा तर खडकाचे नमुने हाताशी हवेत. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमजवळ कीवर्थ येथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोठारात उत्तर समुद्रातले गाभे अभ्यासकांसाठी जपून ठेवलेले आहेत. नॉर्वेत विहिरींची मूलभूत माहिती ठरावीक मुदतीनंतर कोणालाही वाचता येते. आणि तेथील विद्यापीठांतली कित्येक संशोधने या खुलेपणावरच उभी राहिली. भारतातही २०१७ पासून राष्ट्रीय विदा भांडार सुरू झाले आहे, परंतु संगणकातली विदा आणि हातात धरता येणारा दगड यांत अंतर आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांत बेसाल्ट, झिओलाइट आणि जांभा यांचे नमुने कपाटे भरून आहेत. मुंबईच्या समुद्रातल्या विहिरींचे गाभे ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी पन्ना शैलसमूहाच्या काळ्या शेलचा एकेक तुकडा, त्याची खोली आणि रॉक-इव्हॅलचा आलेख जोडून, या प्रत्येक विभागाला द्यावा. आणि शिक्षकांनी तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात ठेवून, दख्खनच्या बेसाल्टच्या शेजारी, फोडून आणि हुंगून पाहायला सांगावा.